निवृत्त बॅडमिंटनपटूची कारकीर्द लिहिताना

सोलापुरात एखाद्या ज्येष्ठ बॅडमिंटनपटूचा सत्कार ठरला की गौरवपुस्तिकेसाठी चार पाने लिहून देण्याचे काम कुणाच्या तरी गळ्यात पडते, आणि लिहिणारा बहुधा ‘अनेक स्पर्धांत नेत्रदीपक यश’ अशा शब्दांवर वेळ मारून नेतो. ते टाळायचे असेल, तर पहिल्या भेटीत घरातली प्रमाणपत्रे, जुने ड्रॉ (कोण कुणाशी खेळले याचे तक्ते) आणि कात्रणे पाहायला मागावीत. ‘तुमची कारकीर्द सांगा’ म्हटले की खेळाडू संकोचतो; पिवळ्या पडलेल्या कात्रणावर बोट ठेवून ‘या उपांत्य सामन्यात काय झाले?’ असे विचारले, तर समोरच्याचा बॅकहँड कुठे कच्चा होता येथपर्यंत सारे आठवते.

गुणफलक मात्र कात्रणात असेल तसाच उतरवावा. एका लेखात १८-१६ हा गेम छपाईची चूक समजून मी १५-१३ करून टाकला होता, आणि त्या खेळाडूने तो अंक माझ्यासमोर धरून मला जुने नियम शिकवले. तेव्हा पुरुषांचा गेम १५ गुणांचा आणि महिला एकेरीचा ११ गुणांचा असे. १३-१३ अशी बरोबरी झाली, तर १३ वर आधी पोहोचलेल्याला आणखी ५ गुणांचा खेळ मागता येई, म्हणजे गेम १८ वर संपे. शिवाय गुण सर्व्हिस करणाऱ्यालाच मिळे, त्यामुळे आकडा एकतर्फी दिसला तरी नुसत्या सर्व्हिसच्या अदलाबदलीत बराच वेळ गेलेला असू शकतो. प्रकाश पदुकोण यांनी १९८० मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या लिम स्वी किंगला १५-३, १५-१० असे हरवले, ते याच पद्धतीत. प्रत्येक रॅलीला गुण देणारी २१ गुणांची पद्धत २००६ मध्ये आली, आणि हा फरक लेखात एका वाक्यात सांगितला नाही, तर तरुण वाचकाची फसगत होते.

संस्थांची नावेही त्या-त्या काळाची हवीत. सोलापूरचे विद्यापीठ २००४ चे. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होती, म्हणून १९८० च्या सुमाराचा आंतरविद्यापीठ खेळाडू ‘सोलापूर विद्यापीठाचा’ असूच शकत नाही. महिला खेळाडूंच्या बाबतीत जुने अंक चाळताना माहेरचे आडनाव शोधावे, नाही तर निम्मी कारकीर्द हाती लागत नाही. ‘पुढे चाल’ मिळालेला, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत नेणारा, सामना विजयांत मोजू नये.

आपल्याकडच्या उन्हाचाही उल्लेख करायला हरकत नाही, पण तो कौतुकासाठी नव्हे. उष्ण हवेत फूल (शटल) अधिक वेगाने जाते आणि टॉस, म्हणजे मागे उंच मारलेला फटका, थोडा जोरात बसला तरी मागच्या रेषेबाहेर पडते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत येथे सराव करणारा खेळाडू थंड हवामानाच्या गावी गेल्यावर फूल अलीकडेच पडत असल्याने गोंधळला का आणि त्याने फटका कसा बदलला, हे त्यालाच विचारावे.

खेळ का थांबला, याचे उत्तर गुडघा, नोकरी की घर, हे आपण ठरवू नये. खेळाडूचेच शब्द घ्यावेत. छापण्याआधी मसुदा त्यांच्या दुहेरीतल्या जोडीदाराला वाचायला द्यावा, कारण हरलेले सामने त्यालाच नीट आठवतात.