चिरलेली भाजी काळी पडते? या चुका टाळा

बटाटा चिरला की बघता बघता तांबूस होतो आणि गाजर मात्र तसंच राहतं. सुरीने पेशी फुटतात, त्यांतलं पॉलिफेनॉल ऑक्सिडेज हे एन्झाइम फिनॉल द्रव्यांत मिसळतं, हवेतला ऑक्सिजन मिळतो आणि रंग चढतो. बटाटा, वांगं, मशरूम यांत हा ऐवज भरपूर असतो. म्हणून सगळ्या भाज्यांना एकच उपाय लावणं हीच मोठी चूक.

बोथट सुरी भाजी कापत नाही, चेंगरते. जितक्या जास्त पेशी फुटतील तितका जास्त काळपटपणा. वांग्याला तर साधी लोखंडी सुरी नकोच, वांग्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाचा संयोग होऊन फोडी काळ्या होतात. स्टीलची वापरा.

चिरून झाल्यावर फोडी बुडवायला पाणी शोधू नका. भांडं आधीच भरून ठेवा. वांग्याच्या फोडी तरंगतात आणि वर राहिलेली बाजू काळी पडते, तेव्हा वर एक ताटली दाबून ठेवा. लिटरभर पाण्यात दोन टेबलस्पून लिंबाचा रस पुरे. आम्लाने एन्झाइम मंदावतं, क जीवनसत्त्व रंग धरू देत नाही. पण एकदा गडद झालेली फोड लिंबाने पुन्हा पांढरी होत नाही. आंबट पाण्यातला बटाटा शिजवण्याआधी धुवा, नाहीतर लवकर मऊ होत नाही. आणि पाण्यात दिवसचे दिवस ठेवू नका. क जीवनसत्त्व त्यातच उतरतं.

फ्रिजमध्ये रंग बदलण्याचा वेग कमी होतो, थांबत नाही. अख्खं वांगं मात्र १० अंशांखाली काही दिवस राहिलं, तर थंडीनेच आतून तपकिरी होतं. तिथे लिंबू काय करणार?

पालेभाजी ओली डब्यात भरू नका, कोरडी टिपून घ्या. अर्धा रिकामा डबाही नको, आत हवा राहते.

फ्रीझरमध्ये टाकण्याआधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, मग लगेच बर्फाच्या पाण्यात. गोठवल्याने एन्झाइम मरत नाही, उष्णतेने मरतं. उकळताना घाई कराल तर पेशी फुटतील आणि एन्झाइम शाबूत राहील. त्यापेक्षा न उकळता नुसती गोठवलेली भाजी परवडली.

गाजरावरचा पांढुरका थर म्हणजे पृष्ठभाग सुकलाय, ओलं कापड झाकून ठेवा. नुसता तांबूस रंग असेल तर भाजी खाता येते. बुळबुळीत झाली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.