‘रोझा वन’ वापरताय? या चुका टाळा

‘रोझा वन’ हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतो. देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपी त्यात आहेत. जाड रेघ दणकट, बारीक रेघ केसाएवढी. रोमन अक्षरांना असं रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतल्या पार्मात बोदोनी आणि पॅरिसमध्ये दिदो या मुद्रकांनी दिलं. पुढच्या शतकात लंडनमध्ये जाहिरातींसाठी त्याच्या जाड रेघा आणखी फुगवल्या गेल्या. म्हणजे हे मुळात पोस्टरचं अक्षर आहे, आणि त्याची सगळी शोभा त्या बारीक रेघेवर उभी आहे. ती रेघ सांभाळली नाही की काम बिघडतं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे हा फॉन्ट लहान आकारात लावणं. पत्रिकेवर वधू-वरांची नावं सुरेख दिसली, म्हणून मुहूर्त, स्थळ, आप्तेष्टांची नावं सगळं त्यातच! स्क्रीनवर झूम करून पाहताना ठीक वाटतं. छापल्यावर १२ पॉइंटला बारीक रेघा तुटतात आणि नुसते काळे खांब उरतात. प्रत्यक्ष आकारात प्रिंट काढून हातभर अंतरावरून वाचून बघा. ३० पॉइंटच्या खाली मी तरी हा फॉन्ट नेत नाही. बाकी मजकुराला ‘मुक्ता’सारखा साधा, सारख्या जाडीचा फॉन्ट घ्या.

गडद मरून रंगावर पांढरी अक्षरं घेताना तर जास्तच जपा. शाई कागदावर थोडी पसरतेच. काळ्या अक्षरात त्यामुळे बारीक रेघ जरा जाड होते, पण अशा उलट्या छपाईत, म्हणजे गडदावर पांढऱ्या अक्षरांत, भोवतालची शाई आत येऊन तीच रेघ गिळून टाकते. त्यात मरून चार शाया मिसळून केलेला असेल आणि एखाद्या शाईची प्लेट किंचित सरकली, तर रेघेच्या कडेला दुसराच रंग डोकावतो. अक्षर मोठं करा, त्याला पांढरीच अगदी बारीक आउटलाइन द्या आणि मागचा रंग शक्यतो एकाच शाईचा ठेवा.

अक्षर ठळक करणारं ‘बी’चं बटण दाबू नका. या फॉन्टला एकच वजन, म्हणजे जाडीचा एकच प्रकार आहे. सॉफ्टवेअर उगाच कडा फुगवतं, मग ‘ध’ची गाठ आणि ‘क्ष’मधली पोकळी बुजते.

इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवलं की रुबाब येतो, हे खरं. मराठीत तसं केलंत तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मराठीसाठी हे अंतर (ट्रॅकिंग) शून्यच ठेवा. दोन ओळीही फार जवळ आणू नका. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो.

अक्षरंच विस्कटली, ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला गेली, जोडाक्षरांत हलन्त दिसू लागला, तर फॉन्टला दोष देऊ नका. पानं मांडायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडा, फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीतही वर्ल्ड-रेडी लेआउट चालू करा. मजकूर युनिकोड नसलेल्या जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर तो आधी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा लागेल, नाहीतर समोर नुसती चिन्हं येतील. आणि फाइल छापायला देण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲड.’ असे शब्द एकदा टाइप करून डोळ्यांनी तपासा.