स्पेशल एज्युकेटर म्हणून नवीन लागलात? मग मुलांच्या आईबाबांना सोबत घ्या

स्पेशल बी.एड. झालं, आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी नंबर आला की नवीन पोरं थेट असेसमेंट आणि आयईपीच्या, म्हणजे त्या एका मुलासाठी आखलेल्या शिक्षणाच्या प्लॅनच्या, मागे लागतात. नागपुरात इतकी वर्षं या कामात आहे म्हणून सांगते, आयईपी आईबाबांना सोबत बसवून लिहा, सगळं भरून झाल्यावर नुसतं सहीला बोलवू नका.

बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा होता, बोटांची पकड यावी म्हणून त्याला मणी ओवायला द्यायचे आणि तो डबाच ढकलून द्यायचा. मीटिंगमध्ये त्याची आई सहज बोलली, "मॅडम, घरी तर तो संत्रं सोलते न, फोडीवरचे पांढरे धागे पण काढते." मग काय, वर्गात संत्री आली, टार्गेट तेच, अंगठा आणि पहिलं बोट. म्हणून पहिल्या भेटीत रिपोर्टची फाइल उघडायच्या आधी विचारा की घरी त्याला काय काय जमतं, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या.

रोज दप्तरात एक वही जाऊ द्या. त्यात "आज खूप त्रास दिला" असलं काही नको, त्या माउलीने ते वाचून करायचं काय? असं लिहा: प्रार्थनेला स्पीकर लागला, त्याने कान झाकले, बाहेर नेलं, थोड्या वेळाने शांत झाला. आणि घरूनही कळलं पाहिजे, रात्री झोपला का, फिटचं औषध बदललं का, कारण औषध बदललं की वर्गात मूल पेंगतं किंवा चिडतं आणि आपण उगाच वागणुकीचा प्रॉब्लेम समजत बसतो. लिहिता येत नसेल तर व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट चालते. मीटिंग ठेवताना त्यांची ड्युटी विचारा, आणि एप्रिलच्या दुपारी दोनला तर कोणाला बोलवूच नका बाप्पा.

कागदपत्रांचं तुम्हालाच सांगावं लागेल. 2016 च्या दिव्यांग कायद्यात 21 प्रकार आहेत, ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटी पण त्यात येतात, हे खूप पालकांना माहीतच नसतं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्यांना हवी त्या स्पेशल शाळेत. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढायला लावा. दहावीला लेखनिक किंवा जादा वेळ हवा असेल तर सर्टिफिकेटचं आठवी-नववीतच बघा, ऐन फॉर्म भरायच्या वेळी धावपळ झाली की आईचा रोज बुडतो आणि पोरगं पण घाबरतं.