युनिटीत स्क्रिप्ट कंपाइलचा वेळ असा कमी केला

युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडच्या एका ओळीतला आकडा बदलला तरी प्रोग्रेस बारकडे बघत ताटकळावं लागायचं. वेगळं काही सांगितलं नाही, तर युनिटी आपल्या बहुतेक स्क्रिप्ट 'असेंब्ली-सीशार्प' या एकाच डीएलएलमध्ये (तयार कोडच्या फाइलमध्ये, म्हणजे असेंब्लीत) टाकतं. एक फाइल बदलली की ती अख्खी डीएलएल पुन्हा कंपाइल होते, म्हणजे कोडचं यंत्राला चालेल असं रूपांतर नव्याने होतं. मी असेंब्ली डेफिनिशन फाइल (कोणत्या स्क्रिप्ट वेगळ्या असेंब्लीत जातील हे ठरवणारी फाइल) टाकून इन्व्हेंटरी, ऑडिओ, यूआय वेगळे केले. खरी मेहनत रेफरन्स (कोणती असेंब्ली कोणाचा कोड वापरते याची नोंद) लावताना लागली: इन्व्हेंटरीला यूआय हवं आणि यूआयला इन्व्हेंटरी, असं चक्र चालतच नाही. मधे फक्त इंटरफेसची (काय करता येईल एवढंच सांगणाऱ्या, आतला कोड नसलेल्या व्याख्यांची) छोटी असेंब्ली ठेवली, तेव्हा गुंता सुटला. फक्त युनिटीच्या एडिटरमध्ये चालणाऱ्या स्क्रिप्टना मात्र वेगळी असेंब्ली द्याच, नाहीतर बिल्ड (तयार गेम बनवणं) अडतं. प्ले दाबल्यावर होणारा डोमेन रीलोडही (सगळा कोड नव्याने लोड होणं) बंद केला. मग स्टॅटिक व्हेरिएबल्स (एका ऑब्जेक्टची नसून अख्ख्या क्लासची असलेली) जुनी किंमत धरून बसतात, ती सुरुवातीला कोडमधूनच रीसेट करावी लागतात.