शाळेला दोन खोल्या पाहिजेत ना, मग ग्रामसभेआधी एवढं गोळा करा

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत नवीन खोल्यांचा विषय घ्यायचाय तर आत्तापासूनच लागा भो, कारण तिथं पहिला प्रश्न ठरलेला, "पैसा कोठून येतीन?" आणि "झेडपी देईल" म्हटलं की विषय तिथंच गार.

आधी ग्रामसेवकाकडे, म्हणजे आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं त्यांना, नमुना 9 बघा, घरपट्टीची मागणी किती, वसूल किती, बाकी कोणाची. काम नाजूक आहे, थकबाकीत नेमके पुढच्या खुर्चीवर बसणारे जिभाऊ-आप्पाच निघतात, म्हणून सभेत आकडा वाचा, नावं नका वाचू. मग नमुना 8, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर, काढा आणि बघा की गावातलं जिनिंग, केळीचं कोल्ड स्टोरेज, मोबाईल टॉवर, साक्रीकडचे असाल तर पवनचक्क्या, यांची आकारणी नीट झालीय का जुन्या पत्र्याच्या शेडच्या हिशोबानंच चाललंय. माझ्या मते खरा पैसा इथंय, गरिबाच्या दोन खणाच्या घरावर पट्टी वाढवून शाळेची खोली उभी राहत नसते.

हिशोब घरूनच करून न्या. समजा 4 लाख वसूल झाले, त्यातले 15 टक्के मागासवर्गीयांचे, 10 महिला-बालकल्याणचे, 5 दिव्यांगांचे, म्हणजे 1 लाख 20 हजार आधीच बाजूला, उरलेल्यात दिवाबत्ती, पाणी, शिपायाचा पगार. त्यात आख्खी खोली होत नाही हे स्वतःच कबूल करा, पण संडास, रॅम्प, कंपाउंड एवढं पंचायत उचलू शकते आणि बाकी झेडपीच्या सेसमधून, म्हणजे उपकरातून, मागायचं. त्यासाठी शेतसाऱ्याच्या पावत्यांची झेरॉक्स जवळ ठेवा, जि.प. उपकर आपण जमीन महसुलासोबत भरतोच, लोकांना ते माहितीच नसतं. नंदुरबारकडे किंवा पेसातल्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांच्या कायद्यात येणाऱ्या, गावात असाल तर 5 टक्के थेट निधीचंही विचारा. चोपडा-अमळनेरला राहणारे पाव्हणे नगरपालिकेच्या बिलातला शिक्षण कर सुचवतील, तो राज्य सरकारकडे जातो, सोडून द्या.

आता कागद, आणि इथंच आमचं वर्ष वाया गेलं. जुनी खोली, कौलं फुटलेली, भिंतीला बोट जाईल एवढी भेग, पण निर्लेखन, म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढणं, झालेलं नव्हतं, म्हणून कागदावर ती खोली ठणठणीत, आणि कागदावर खोली असताना नवीन कशाला म्हणून फाईल परत. तेव्हा निर्लेखनाचा प्रस्ताव केंद्रप्रमुखांकडून पंचायत समितीत आणि तिथून पुढं बांधकामकडे गेलाय का, आवक नंबर काय, हे लिहून ठेवा. जागा कोणाच्या नावावर तेही बघा, बऱ्याच गावात कोणाच्या तरी आजोबांनी तोंडी दिलेली असते आणि नातवाला रस्त्याकडेचा भाव कळला की पंचाईत. युडायस नंबर (शाळेचा सरकारी क्रमांक), पट, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव हे सगळं सरांकडे तयारच असतं. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, शिक्षकामागे एक वर्गखोली लागते, चार शिक्षक आणि दोन धड खोल्या असतील तर वेगळं भाषण लागत नाही, तेवढंच सांगा.

सभेच्या दिवशी कोरम बघा, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातलं जे कमी ते. निंदणीचे दिवस असतात, दुपारी कोणी येत नाही, म्हणून झेंडावंदन झाल्या झाल्या शाळेच्या ओट्यावरच बसवा आणि आयांना आदल्या दिवशी घरोघर जाऊन सांगा, व्हॉट्सअपवर टाकून त्या येत नाहीत. ठरावात "खोल्या मंजूर कराव्यात" एवढंच नको, किती खोल्या, पंचायतीचा वाटा किती, कोणत्या हेडमधून, विकास आराखड्यात कोणत्या वर्षी, सगळं घाला, सूचक-अनुमोदकाची नावं टाका. प्रोसिडिंग नंतर सावकाश लिहितो म्हणाले तर हो म्हणू नका, समोर बसून लिहून घ्या आणि सही-शिक्क्याची नक्कल घेऊनच उठा.