शेल्टरमधला मोठा कुत्रा घरी कसा आणावा

आधी जातीचं डोक्यातून काढा. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42च्या वर जातो. तिथं हस्की पाळणं म्हणजे घोंगडं पांघरवून माणसाला रानात उभं करणं. गावठी घ्या. लांब पायांचा, निमुळत्या तोंडाचा, पोट आत गेलेला दिसला, तर त्यात कारवानी या शिकारी जातीचं रक्त असू शकतं. लातूर जिल्ह्यातलं जानवळ याच कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. त्याच्या बरगड्या दिसतात म्हणून हळहळू नका, त्याची ठेवणच तशी. पिल्लाचाही हट्ट नको. मोठ्या कुत्र्याचं अंग आणि स्वभाव निदान डोळ्यांपुढं असतात.

शेल्टरमध्ये रेबीजच्या लसीची तारीख आणि नसबंदीचं विचारा. कानाला खाच असली तर नसबंदी झालेली असते. कागद घ्या, निघा.

आता खरी कसोटी. नवा कुत्रा चावतो म्हणून लोक घाबरतात. प्रत्यक्षात तो पळतो. गाडीचं दार उघडलं, शेजारच्या बुलेटनं फट्‌ केलं, की गेला. अनोळखी गल्लीत त्याला ना तुमचं घर ठाऊक, ना त्याचं नवं नाव. माझ्याही हातात नुसता पट्टा राहिलाय, म्हणून सांगतो: साध्या गळपट्ट्यावर भरवसा ठेवू नका. कुत्रा घाबरला की पुढं ओढत नाही, मागं सरतो, मान खाली घालतो आणि पट्टा कानांवरून निसटतो. कारवानी वळणाच्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक, त्याला तर काहीच वेळ लागत नाही. पट्टा घट्ट आवळणं हा उपाय नव्हे. छाती-पाठीवरून जाणारा हार्नेस घाला, गळपट्टाही ठेवा आणि दोरी दोन्हींत अडकवा. घालून झालं की घरातच समोर उभं राहून हलकेच ओढून बघा. मागं सरून तो सुटत असेल, तर तो हार्नेस त्याच्या मापाचा नाही.

फाटक बंद झाल्याशिवाय गाडीचं दार उघडायचं नाही. गळपट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पहिल्याच दिवशी. पहिले दोन-तीन आठवडे मोकळ्या माळावर सोडायचं नाही, कितीही लाडात आला तरी. ससा दिसला की कारवानी तुमच्या हाकेला ओ देणार नाही, आणि सशाची शिकार 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

‘दोन दिवस उपाशी ठेवा, मग लळा लागतो’ असं सांगणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. त्यांना चहा पाजा आणि वाटेला लावा. जिन्याखाली गोणपाट टाका, पाणी ठेवा, त्याच्याकडं टक लावून बघू नका. आल्या आल्या आंघोळ नको, पाहुण्यांची जत्रा नको, लेकरांनी गळ्यात पडणं तर मुळीच नको. पहिल्या दिवशी जेवला नाही तर चालतं. पाणीही तोंडाला लावत नसेल, उलट्या-जुलाब होत असतील, तर वाट न बघता जनावरांच्या दवाखान्यात न्या.

खायला ज्वारीची भाकरी, उकडलेलं अंडं, चिकनचं पाणी. कांदा-लसूण अजिबात नाही. दूध बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना पचत नाही.

गोचीड कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात बघा, रोज. औषध वजनाप्रमाणं, डॉक्टरांना विचारूनच. गोठ्यातलं फवारायचं औषध कुत्र्याला चोळू नका.