आधी गंज, मग रंग : १/१६ ची जीप नागपूरच्या हवेत जुनी कशी करावी

मॉडेल गाडी जुनी दिसावी म्हणून तयार रंगावर तपकिरी फासा, असं कोणी सांगितलं तर तिथेच कान बंद करा. पत्र्याचा गंज वरून येत नाही. रंग उडतो आणि खालचा पत्रा गंजतो. मॉडेलवर हाच क्रम ठेवायचा: तळाला गंज, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर गाडीचा रंग, आणि मग पाण्याने रंगाचे टवके काढून खालचा गंज उघडा करायचा. पद्धत नवी नाही. फसते ती वेळेमुळे. व्हिडिओंमधल्या ‘रंग मारल्यावर अर्धा तास थांबा’चा हिशेब थंड हवेच्या गावातला असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास, दुपारची हवा खडखडीत कोरडी आणि खोलीत कूलर धो धो चाललेला. तो अर्धा तास इथे लागू पडत नाही.

उदाहरणाला विलीज एमबी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप घेऊ. उघडी गाडी, सपाट पत्रे, आतली जमीनही दिसते, त्यामुळे झीज दाखवायला जागा भरपूर. मूळ गाडी सुमारे ३ मीटर ३३ सेंटिमीटर लांब, म्हणजे १/१६ चं मॉडेल साधारण २१ सेंटिमीटरचं. १/२४ मध्ये तीच जीप १४ सेंटिमीटरची होते आणि बऱ्याच चुका झाकल्या जातात. मोठ्या मापात एकही झाकली जात नाही.

म्हणून ब्रश उचलण्याआधी मापाचा हिशेब डोक्यात बसवा. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे १६ मिलिमीटर. खऱ्या पत्र्यावर रुपयाच्या नाण्याएवढा टवका उडाला, तर मॉडेलवर तो जेमतेम सव्वा मिलिमीटरचा. तुम्ही ५ मिलिमीटरचा टवका काढलात की खऱ्या गाडीवर ८ सेंटिमीटरचा, तळहाताएवढा रंग गेला. असे दोन-तीन मोठे टवके चालतात. बाकी सगळे सुईच्या टोकाएवढे हवेत. बाजारात ‘वेदरिंग केलेली’ म्हणून मिरवणाऱ्या निम्म्या मॉडेलांवर बिबट्याचे ठिपके असतात, ते हा हिशेब न केल्यामुळे.

गंजून पडलेलं भोक दाखवायचं असेल तर अजून एक. किटचं प्लास्टिक साधारण १ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे खऱ्या मापात १६ मिलिमीटरचा पत्रा. असा पत्रा रणगाड्याला शोभेल. आतल्या बाजूने छोट्या ड्रिलला गोल बर (खरवडायचं टोक) लावून, उजेडात धरल्यावर प्लास्टिक पारदर्शक वाटेपर्यंत खरवडा आणि मग सुईने भोक पाडा. कडा आपोआप वेड्यावाकड्या होतात.

जोडणी

किटच्या कागदाप्रमाणे. फक्त सीट, स्टिअरिंग, चाकं, फावडं-कुऱ्हाड आणि काच चिकटवू नका. ते वेगळे रंगवायचे.

प्राइमर आणि गंजाचा थर

प्राइमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, लॅकरचाच घ्या, पाण्याचा नको. पुढे पाण्याने घासायचं आहे आणि पाण्याचा प्राइमर त्या घासण्यापुढे टिकत नाही, सोलून निघतो. वर तामिया कंपनीचे एक्सएफ-९ (काळपट लाल) आणि एक्सएफ-६४ (लालसर तपकिरी) हे रंग कमी-जास्त मिसळून ढगाढगांनी मारा. एकसारखा मारलात तर तो गंज न वाटता रेड ऑक्साइड वाटेल. मग स्पंजच्या तुकड्याने अगदी थोडा नारिंगी टिपा, तोही फक्त पाणी साचतं तिथे: जमिनीचे कोपरे, मागच्या पॅनेलची खालची कड. विदर्भात वर्षाचे सात-आठ महिने कोरडे असतात, त्यामुळे इथला जुना गंज गडद, चॉकलेटी असतो. भडक नारिंगी गंज पावसाळ्यातला, ताजा.

हा थर लॅकरच्या क्लिअरने, म्हणजे बिनरंगी वार्निशने बंद करा आणि रात्रभर ठेवा. ही पायरी गाळली तर पुढे रंगाबरोबर गंजही निघतो आणि खालून राखाडी प्राइमर डोकावतो.

हेअरस्प्रे आणि वरचा रंग

इथे घाई करू नका.

हेअरस्प्रे सर्वात स्वस्त, ‘स्ट्राँग होल्ड’वाला घ्या. डब्यातून थेट मारलात तर थेंब पडतात. एका झाकणात काढून घ्या, फेस आणि गॅस निवू द्या, आणि एअरब्रशने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या रंगाच्या फवाऱ्याने) दोन पातळ थर मारा. दोन थरांत पाच मिनिटं. पृष्ठभाग सॅटिनसारखा दिसला की बस. काचेसारखा चकाकला तर थर जाड झाला, आणि वरचा रंग चिखलासारखा तडकेल.

रंग मारण्याआधी पंधरा मिनिटं कूलर बंद, पंखाही बंद. कूलरची हवा दमट असते, हेअरस्प्रे चिकट राहतो, आणि ताट्यांमधला वाळ्याचा एखादा धागा नेमका बॉनेटवर येऊन बसतो. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हे काम दुपारी करायचं नाहीच. पहाटे पाच ते सातची वेळ धरा. दुपारच्या हवेत रंगाचा थेंब नळीतून निघून प्लास्टिकपर्यंत पोचायच्या आत वाळतो आणि पृष्ठभाग रवाळ होतो. हाताला सँडपेपर लागला तर कारण हेच. नाइलाज असेल तर एअरब्रश ४-५ सेंटिमीटरवर आणा, दाब १५ पीएसआयच्या आत ठेवा आणि रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाका. हेअरस्प्रेचा डबा मात्र गच्चीवर किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका. ५० अंशांच्या वर नेऊ नये असं अशा डब्यांवर छापलेलं असतं, आणि मे महिन्यात उन्हातली गच्ची तिथवर सहज जाते.

जीपचा हिरवा म्हणजे एक्सएफ-६२. पण तो बाटलीतला तसाच वापरू नका. उन्हाने विटलेली गाडी फिकट असते, म्हणून त्यात पाचवा हिस्सा एक्सएफ-५७ (फिकट मातकट) टाका. बॉनेट आणि सीटच्या पाठीमागच्या सपाट भागावर आणखी थोडा. रंग पातळ कशाने करता यावर सगळं अवलंबून आहे. पाण्याने केलात तर टवके सहज आणि मोठे निघतात. तामियाच्या अॅक्रिलिक थिनरने केलात तर घासावं जास्त लागतं, पण टवके बारीक येतात. १/१६ ला बारीकच हवेत, म्हणून मी थिनरच्या बाजूचा. लॅकर थिनरने केलात तर टवका निघणारच नाही, कितीही घासा. रंग आणि थिनर सम प्रमाणात, दोन-तीन हलके हात, खालचा तपकिरी जेमतेम झाकेल इतकेच. थर जाड झाला की टवक्यांऐवजी पोपडे सुटतात.

आता वेळ. ताज्या अॅक्रिलिकमधून पाणी झिरपतं, खालचा हेअरस्प्रे सैल होतो आणि रंग सुटतो. रंग पुरता वाळला की पाण्याची वाट बंद. उन्हाळ्यात ही वाट लवकर बंद होते. ढोबळमानाने मे महिन्यात दहा मिनिटांनी सुरुवात करा, डिसेंबर-जानेवारीत अर्ध्या तासाने, पावसाळ्यात पाऊण तासाने. पण हे आकडेही डोळे झाकून घेऊ नका. एका प्लास्टिकच्या चमच्यावर गाडीबरोबरच प्राइमरपासून सगळे थर मारा आणि दर पाच मिनिटांनी चमच्याचा एक कोपरा घासून बघा. चमचा तयार झाला की गाडी तयार. पूर्ण जीप एका दमात रंगवू नका. बॉनेट एका दिवशी, टब (जीपचा उघडा सांगाडा, ज्यात सीट बसतात) दुसऱ्या दिवशी. सगळी एकदम रंगवलीत तर मागच्या पॅनेलपर्यंत पोचेतो ते कडक झालेलं असेल.

टवके काढणे

पाणी कोमट, आणि बोअरचं नको. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग वाळल्यावर हिरव्यावर उठून दिसतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या. एका वेळी काडेपेटीएवढाच भाग ब्रशने ओला करा आणि अर्धा मिनिट थांबा. मग जुना ताठ ब्रश, केस निम्मे कापलेला, उभा धरून ठोका. घासू नका, ठोका. पहिला टवका सुटला की त्याच्या कडेने टूथपिक फिरवा.

सुरुवात जमिनीपासून, कारण तिथली चूक सीटखाली जाते. मग जिथे माणसाचा हात-पाय लागतो ती ठिकाणं: ड्रायव्हर चढतो तिथली टबची कड, पेडलांखालची जमीन, बॉनेटच्या खिट्ट्यांभोवती, फावडं-कुऱ्हाड बांधायच्या जागेच्या कडा. विलीजचं स्टिअरिंग डावीकडे असतं, त्यामुळे डावी कड उजवीपेक्षा जास्त झिजलेली हवी. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिच्या तोंडाभोवती रंग गेलेला आणि पुढे काळपट ओघळ. ग्रिलच्या नऊ फटींच्या मधल्या पट्ट्यांवर एक-दोनच बारीक ठिपके, जास्त नाही. तिथे कोणी पाय ठेवत नाही. उभ्या पत्र्यावर ब्रश वरून खाली, आडव्यावर कुठल्याही दिशेने.

‘अजून थोडं’ असं मनात आलं की ब्रश खाली ठेवा. पुढे तेलरंग आणि धूळ येणार आहे, तेही गाडी जुनी करतात. उरलेलं हेअरस्प्रे स्वच्छ पाण्याने धुऊन काढा, फुंकणीने कोपऱ्यातलं पाणी उडवा, दुसऱ्या दिवशी मॅट क्लिअरचे धुक्यासारखे हात मारा. ओला थर एकदम मारलात तर उरलेसुरले काठ उचलतात.

बिघडलं तर: काहीच सुटत नसेल, तर पाण्यात आयसोप्रोपिल अल्कोहोलचे काही थेंब टाका आणि फक्त ब्रशच्या टोकाला घ्या, अल्कोहोल रंगालाही विरघळवतं, म्हणून हात हलका. रात्रभर ठेवलेला रंग असेल तर नाद सोडा आणि बारीक स्पंजने वरून टवके रंगवा. उलट अख्खा पापुद्रा सुटला, तर हेअरस्प्रे जाड होतं किंवा पाणी फार वेळ ठेवलं. तेवढं पॅनेल कोमट पाण्याने पूर्ण धुवा, वरचा रंग निघून जाईल, खालचा बंद केलेला गंज तसाच राहील. पुन्हा हेअरस्प्रेपासून. मीठ टाकून टवके करायची जुनी युक्ती १/१६ ला चालत नाही. मिठाचा दाणा या मापाला मोठा पडतो.

तेलरंग

कॅमलचा बर्न्ट अंबर एका पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, पुठ्ठा त्यातलं तेल पिऊन घेतो. मग मोठ्या टवक्यांच्या खाली टिंब, टर्पेंटाइनमध्ये जेमतेम ओल्या ब्रशने सरळ खाली ओढा. खिडकी उघडी ठेवा.

धूळ

आयात पिगमेंटच्या बाटल्यांना पैसे घालायची गरज नाही. महाल-इतवारीत गेरू मिळतो, आणि गेरू म्हणजे खरोखरचं आयर्न ऑक्साइड. पण जसाच्या तसा वापरलात तर मापात तो गोटे दिसेल. पाण्यात ढवळा, तीस सेकंद थांबा, जाड कण खाली बसतील. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या वाटीत ओता, रात्रभर बसू द्या, वाळवा, वस्त्रगाळ करा. काळ्या मातीचंही असंच. ती वाळली की गडद राखाडी होते आणि जाड लावली तर भेगाळते. चाकांच्या कमानीत हे हवंच, बॉनेटवर मुळीच नको.

कोणती धूळ लावायची ते गाडी कुठे फिरली त्यावर. नागपुरातले किती तरी रस्ते आता सिमेंटचे, त्यामुळे शहरातल्या गाडीवर पांढुरकी राखाडी धूळ. मुरमाच्या रस्त्यावरची असेल तर पिवळसर तांबडी. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेतली असेल तर काळी. तिन्ही एकत्र लावू नका. पिगमेंट कोरडंच लावा आणि ब्रशच्या टोकाने टर्पेंटाइनचा थेंब कडेला सोडा. ओलं असताना रंग गायब झाल्यासारखा वाटतो, वाळल्यावर परत येतो. घाबरून अजून टाकू नका.

काच चिकटवण्याआधी वायपरच्या फिरण्याएवढा अर्धगोल टेपमधून कापून लावा, धूळ मारा, टेप काढा. टायरचा रस्त्याला लागणारा भाग ओल्या बोटाने पुसून काळा करा; चालत्या गाडीची धूळ तिथे टिकत नाही. जीप वर्षानुवर्षं आवारात उभी आहे असं दाखवायचं असेल तर पुसू नका, उलट टायर तळाला अर्धा मिलिमीटर कानस मारून सपाट करा आणि धूळ तिथे सर्वात जाड ठेवा.